वार्धक्य आणि नगररचना
[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

वार्धक्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हेचीं भाषणें ऐकावयास मिळतात. एका तऱ्हेच्या भाषणांत मुलांच्या कृतघ्नतेबद्दल हळहळ असते. दुसऱ्या तऱ्हेच्या भाषणांत म्हाताऱ्या माणसांनीं संसारांतून मन काढून घ्यावें, असा उपदेश असतो. दोहोंतहि कांहीं सत्य आहे, आणि तें सांगणारे वक्तेहि पुष्कळ आहेत. मला आज त्या वाटेनें जावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें जिन्याच्या पायरीविषयीं, रस्त्याच्या कडेच्या पदपथाविषयीं, बसच्या थांब्याविषयीं आणि चौकांतल्या हिरव्या दिव्याविषयीं. म्हातारपण सुखाचें जातें कीं कष्टाचें, हें मुलासुनांच्या स्वभावावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच या निर्जीव वस्तूंवरहि असतें. माणसाचा स्वभाव बदलणें कठीण. पायरी बदलणें तितकें कठीण नाहीं.

प्रथम संख्येचा विचार करूं. २०११ च्या खानेसुमारींत साठी उलटलेल्या लोकांची संख्या भारतांत १० कोटींहून अधिक भरली. म्हणजे शेंकडा साडेआठ माणसें. २०३६ सालीं ही संख्या २३ कोटींच्या आसपास जाईल आणि प्रमाण शेंकडा १५ च्या घरांत पोंचेल, असा सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. पंचवीस वर्षांत दुपटीहून अधिक वाढ! एवढी वाढ लहान मुलांच्या संख्येंत होणार असती, तर शाळा कोठें बांधावयाच्या याची चर्चा आपण केव्हांच सुरू केली असती. म्हाताऱ्यांच्या बाबतींत मात्र अशी चर्चा फारशी ऐकूं येत नाहीं, आणि याला एक ऐतिहासिक कारण आहे.

आपलीं मोठीं शहरें तरुणांनीं वसविलीं आणि तरुणांसाठींच वसविलीं. मुंबईच्या गिरण्यांनीं, गोदींनीं, रेल्वेनें आणि कचेऱ्यांनीं गांवोगांवचे धट्टेकट्टे तरुण ओढून आणले. रत्नागिरीचा, साताऱ्याचा किंवा पुणें जिल्ह्यांतला मनुष्य मुंबईस येई तो राबण्यासाठीं. हातपाय थकले म्हणजे फंडाची रक्कम घेऊन तो आपल्या गांवीं परत जाई. शेवटचीं वर्षें पडवींतल्या झोंपाळ्यावर किंवा देवळाच्या पारावर जात. मुंबईनें त्याची जवानी घेतली आणि त्याचें म्हातारपण कोंकणानें किंवा देशानें सांभाळलें. त्यामुळें शहर बांधणाऱ्यांना वृद्धांचा विचार करण्याची फारशी गरजच पडली नाहीं. आतां तो क्रम मोडला आहे. गांवचें घर बंद आहे किंवा वाटणींत गेलें आहे. डॉक्टर आणि इस्पितळ शहरांत, मुलें शहरांत किंवा परदेशांत, आणि चाळीस वर्षांच्या ओळखीपाळखीहि शहरांतच. परत जाणार कोठें? ज्या शहराला वृद्धांची संवय नव्हती, त्या शहरांतच आतां लाखों लोक वृद्ध होत आहेत.

आपल्या पूर्वजांनीं उतारवयासाठीं वानप्रस्थाश्रम सांगितला होता. त्यांत निदान एक गोष्ट चांगली होती. मनुष्य घर सोडी तो आपल्या इच्छेनें. आजची परिस्थिति याच्या उलट आहे. मनुष्याला घर सोडावयाचें नसतें, पण घरच त्याला राहूं देत नाहीं. ज्यांना कोणी नाहीं किंवा ज्यांची शुश्रूषा घरीं होऊं शकत नाहीं, त्यांना वृद्धाश्रम हा मोठाच आधार आहे. त्याची निंदा करण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु ज्याचें डोकें शाबूत आहे, ज्याला आपला चहा आपण करतां येतो, ज्याला वर्तमानपत्र वाचावयाचें आणि चार मित्रांशीं वाद घालावयाचा आहे, त्याला केवळ तीन जिने चढवत नाहींत म्हणून बिऱ्हाड हालवावें लागणें, हा दैवाचा कोप नव्हे. ती आपल्या बांधणींतली उणीव आहे.

घर याचा अर्थ तरी काय? चार भिंती आणि छप्पर एवढाच अर्थ तरुण माणसापुरता ठीक आहे. म्हाताऱ्या माणसाचें घर भिंतींच्या पलीकडे पसरलेलें असतें. त्यांत उधारीची वही ठेवणारा वाणी असतो, न विचारतां गोळ्यांचें नेमकें पाकीट काढून देणारा औषधवाला असतो, आपलें नेहमींचें मासिक बाजूला काढून ठेवणारा वाचनालयाचा कारकून असतो, दोन दिवस दिसला नाहीं तर "आजोबा कोठें आहेत?" अशी चौकशी करणारा भाजीवाला असतो. दृष्टि मंदावली तरी ओळखीच्या घरांत अंधारांत हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो. स्मृति मंदावली तरी ओळखीच्या रस्त्यावर पाय आपोआप वळतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं अशा माणसाला उचलून दुसऱ्या टोंकाच्या उपनगरांतल्या उत्तम सदनिकेंत ठेवलें, तर त्याला खोली मिळते, पण हा सगळा आधार एका दिवसांत नाहींसा होतो. म्हणून वृद्धांच्या सोयीचा विचार करतांना पहिला प्रश्न असा असला पाहिजे, कीं मनुष्य जेथें आहे तेथेंच त्याला म्हातारें होतां येईल काय?

याचें उत्तर बहुधा जिन्यापाशीं अडतें. दादर, गिरगांव, मुलुंड, ठाणें, पुण्यांतील पेठा, कोथरूड, कोठेंहि जा. तळमजल्यावर तीन मजले, लिफ्ट नाहीं, अशा इमारती शेंकड्यांनीं दिसतील. त्यांत जे लोक पस्तिशींत राहावयास आले, ते आज ऐंशीच्या घरांत आहेत. एका मजल्याला सुमारें वीस पायऱ्या धरल्या, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दर खेपेस साठ चढावयाच्या आणि साठ उतरावयाच्या. चढतांना दम लागतो आणि उतरतांना गुडघा बोलतो. मग खेपा कमी होऊं लागतात. दिवसांतून दोनदां खालीं जाणारा मनुष्य एकदांच जातो. पुढें एक दिवसाआड. पुढें आठवड्यांतून एकदां. भजनी मंडळ सुटतें, लग्नामुंजीचीं आमंत्रणें नाकारलीं जातात, न्हावी घरीं येऊं लागतो. शेवटीं बाहेर पडणें होतें तें फक्त डॉक्टरकडे जाण्यासाठीं, आणि तेंहि खुर्चींत बसवून चौघांनीं उचलून नेल्यावर. कोणत्याहि न्यायाधीशानें शिक्षा सांगितलेली नसतां हा मनुष्य स्वतःच्या घरांत कैदी होऊन बसतो. शिवाय पायांना चालणें उरलें नाहीं म्हणजे ते आणखी दुबळे होतात, आणि दुबळे झाले म्हणजे खालीं उतरणें आणखीच अशक्य होतें. हें दुष्टचक्र वयानें सुरू केलेलें असलें, तरी त्याला गति देतो तो जिना.

मग लिफ्ट कां बसवीत नाहींत? पैशाचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न सोसायटीच्या सभेंत उभा राहतो. तळमजल्याचा सभासद म्हणतो, "मला लिफ्टचा उपयोग काय? मीं वर्गणी कां द्यावी?" पहिल्या मजल्याचा म्हणतो, "मी निम्मी देईन." दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण बिऱ्हाडाला घाई नसते. कोणाच्या खिडकीसमोर लिफ्टचा खांब येणार असतो. सभा तहकूब होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणखी एक पावसाळा वरच काढतात. यांत दुष्ट असा कोणीच नसतो. प्रत्येकानें आपापल्या मजल्यापुरता हिशेब केलेला असतो, एवढेंच.

सिंगापूर शहरांत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेथील बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळानें बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. जुन्या इमारतींत लिफ्ट होती, पण खर्च वांचविण्यासाठीं ती दर मजल्यावर थांबत नसे. दर कांहीं मजल्यांआड थांबे. मधल्या मजल्यावरच्या माणसानें जिना चढावा किंवा उतरावा, अशी योजना होती. बांधतेवेळीं रहिवासी तरुण होते, म्हणून ती चालून गेली. पुढें रहिवासी वृद्ध झाले, तेव्हां २००१ सालीं सरकारनें जुन्या लिफ्ट सुधारून त्या प्रत्येक मजल्यावर थांबविण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. खर्चाचा फार मोठा भाग सरकारनें उचलला, रहिवाशांवर लहान वांटा ठेवला, आणि इमारतींतील शेंकडा ७५ कुटुंबांनीं अनुकूल मत दिलें म्हणजे काम सुरू करावें, असा नियम केला. एकमत होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, पण बहुमताशिवाय लादावयाचेंहि नाहीं, असा हा मधला मार्ग होता. आपल्याकडे सरकारची तिजोरी तितकी भरलेली नसेल, पण जुन्या इमारतींत लिफ्ट बसविणाऱ्या सोसायटींना स्वस्त व्याजानें कर्ज, परवानगीचा एकच सोपा अर्ज, आणि खर्चाच्या वांटणीचा सर्वांस बांधून ठेवणारा स्पष्ट नियम एवढ्या तीन गोष्टी झाल्या, तरी अनेक तहकूब सभा निकालांत निघतील.

लिफ्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. जिन्याला दोन्ही बाजूंनीं कठडा असावा, कारण अर्धांगवायूनें एक हात लुळा पडलेल्या माणसाला चढतांना एका बाजूचा कठडा उपयोगी पडला, तर उतरतांना तोच पडत नाहीं. प्रत्येक वळणावर चांगला दिवा असावा. पायरीची कड ठळक रंगानें रंगवावी. मोतिबिंदू झालेल्या डोळ्यांना सगळ्या पायऱ्या एकच उतार असल्यासारख्या दिसतात. प्रत्येक मजल्याच्या चौकांत भिंतीला लागून बसकण असावी. इमारतीच्या तोंडाशीं ज्या दोनचार पायऱ्या असतात, त्यांच्या शेजारीं उतरण करावी. मात्र ती नांवापुरती नको. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हें तिचें मान्य प्रमाण आहे. दोन फूट उंचीच्या जोत्याला चोवीस फूट लांबीची उतरण हवी. पुष्कळ ठिकाणीं सहा फुटांतच काम उरकलेलें दिसतें. तिच्यावरून चाकाची खुर्ची वर ढकलणें अवघड, आणि खालीं सोडणें तर भीतीचेंच.

आतां आपण आपल्या आजोबांसह खालीं उतरलों, असें समजूं. समोर पदपथ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलींत पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षां, म्हणजे सुमारें सहा इंचांपेक्षां, अधिक नसावी आणि चालण्यास मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी, असें सांगितलें आहे. म्हणजे ज्ञानाचा अभाव नाहीं. प्रत्यक्षांत मात्र पदपथ कोठें गुडघ्याइतका उंच असतो, कोठें प्रत्येक फाटकापाशीं तुटतो, कोठें त्यावर विजेची पेटी, कोठें उभ्या केलेल्या दुचाक्या. तरुण मनुष्य उडी मारून रस्त्यावर उतरतो आणि पुन्हां वर चढतो. वृद्ध मनुष्य दोनदां तसें करून पाहतो आणि मग मोटारींच्या शेजारून रस्त्यानेंच चालूं लागतो. पदपथावर खर्च केलेला पैसा त्याच्या दृष्टीनें वायां गेलेला असतो.

पुढें चौक येतो. येथें थोडें गणित करूं. पायीं चालणाऱ्यांसाठीं हिरवा दिवा किती वेळ ठेवावा, हें ठरवितांना मनुष्य सेकंदाला चार फूट चालतो, असें जगभर फार वर्षें धरलें जात असे. साठ फूट रुंदीच्या रस्त्याला मग पंधरा सेकंद पुरतात. इंग्लंडमध्यें ६५ वर्षांवरील लोकांच्या चालण्याचें मोजमाप झालें. त्याचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. पुरुषांची सरासरी गति सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली; म्हणजे सुमारें तीन फूट, किंवा त्याहूनहि कमी. पंधरा सेकंदांत असा मनुष्य पंचेचाळीस फूट जातो. दिवा बदलतो तेव्हां त्याच्यापुढें पंधरा फूट रस्ता अजून शिल्लक असतो, आणि मोटारींचे भोंगे सुरू झालेले असतात. "म्हातारीं माणसें वाहतुकींत अडथळा करतात" असें आपण म्हणतों. खरें पाहतां पांच सेकंदांची कंजुषी दिव्यानें केलेली असते. सिंगापुरांत २००९ पासून कांहीं चौकांत अशी व्यवस्था आहे, कीं वृद्ध मनुष्यानें आपलें कार्ड खांबाला लावलें म्हणजे हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणें आणखी तीन ते तेरा सेकंद टिकतो. कार्डाचें यंत्र आपल्याला आज परवडणार नसेल, तर इस्पितळें, मंडया, देवळें आणि बागा यांच्या आसपासच्या चौकांत दिव्याची वेळच वाढवावी. त्याला एक पैसाहि पडत नाहीं.

रस्ता ओलांडला. आतां बसावयास हवें. तरुण माणूस अंतर मैलांत मोजतो. म्हातारा मनुष्य तें बसण्याच्या जागांनीं मोजतो. मंडई पाव मैलावर आहे, यापेक्षां वाटेंत दोन ठिकाणीं टेकतां येतें, हें त्याला महत्त्वाचें. ब्रिटनमधील सरकारी मार्गदर्शिकेंत वर्दळीच्या पादचारी भागांत दर पन्नास मीटरांवर बसण्याची सोय असावी, असें म्हटलें आहे. न्यूयॉर्क शहरानें २०११ पासून पदपथांवर बांक बसविण्याचा स्वतंत्र कार्यक्रमच चालविला. हें ज्ञान आपल्याला नवें नाहीं. ओटा, पडवी, देवडी, पार, धर्मशाळेची पायरी हीं सगळीं वाटसरूला टेकावयाचीं ठिकाणेंच होतीं. मुंबईच्या शिवाजी पार्कचा कट्टा पाहा. मैदानाभोंवतालची एक बुटकी भिंत, तिला ना पाठ ना हात. पण तिनें कित्येक पिढ्यांच्या सेवानिवृत्तांना संध्याकाळ दिली. दुर्दैवानें नव्या बांधकामांत ओटे गेले आणि त्यांच्या जागीं कुंपणाच्या उंच भिंती आल्या. कोठें कोठें तर कोणी बसूं नये म्हणून कठड्यावर लोखंडी खिळे ठोकलेले दिसतात. भटक्या माणसाला हुसकावण्यासाठीं ठोकलेला खिळा थकलेल्या आजीलाहि हुसकावतो.

एक गोष्ट सभ्यतेमुळें कोणी बोलत नाहीं, पण ती बोलली पाहिजे. वय झालें म्हणजे लघुशंकेसाठीं वारंवार जावें लागतें. पुरुषांना आणि स्त्रियांनाहि. वाटेंत स्वच्छ आणि उघडें असलेलें शौचगृह नसेल, तर मनुष्य घराबाहेर पडण्याचेंच टाळतो, किंवा पडावयाचें असेल त्या दिवशीं पाणी पीत नाहीं. उन्हाळ्यांत हें धोक्याचें आहे. २०११ च्या सुमारास मुंबईंतील स्त्रियांनीं सार्वजनिक शौचगृहांच्या हक्कासाठीं चळवळ उभारली. तिच्या मागण्या मान्य होण्यांत वृद्धांचेंहि हित आहे. शौचगृह बांधतांना पायऱ्या टाळाव्यात, एक तरी कमोड ठेवावा आणि धरावयास दांडा बसवावा. खर्च थोडा, उपयोग मोठा.

लांब जावयाचें तर बस हवी. महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस्. टी. चा प्रवास मोफत केला. योजना उदार आहे आणि तिचा लाभ खेड्यापाड्यांतल्या असंख्य लोकांनीं घेतला आहे. परंतु तिकीट माफ झालें तरी गाडीची पायरी माफ होत नाहीं. उंच पायरीची गाडी थांब्यापासून चार हात दूर उभी राहिली, तर फुकटच्या प्रवासाचाहि उपयोग होत नाहीं. शहरांतील गाड्यांचा तळ जमिनीलगत असावा, थांब्याची उंची त्याला जुळावी, आणि मनुष्य बसल्यावर मगच गाडी हालवावी. या तीन गोष्टी सवलतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

या बाबतींत जपानमधील तोयामा या शहराचें उदाहरण बोधप्रद आहे. हें शहर मोटारींच्या सोयीनें ऐसपैस पसरलेलें होतें. लोकसंख्या वृद्ध होत चालली. मोटार चालविणें ज्यांना जमेना, ते लांबच्या वस्तींत अडकून पडले. नगरपालिकेनें मग एक साधी उपमा पुढें ठेवली. जपानांत काडीला ओवलेले पिठाचे गोळे खातात. नगरपालिका म्हणाली, आगगाडी, ट्राम आणि बस यांचे मार्ग ही काडी, आणि प्रत्येक थांब्याभोंवती पायीं फिरतां येईल अशी वस्ती हे गोळे. वाणी, दवाखाना, टपाल, बाग हें सगळें गोळ्यांत असावें, आणि एका गोळ्यांतून दुसऱ्यांत जाण्यास काडी असावी. २००६ सालीं तेथें जमिनीलगत तळ असलेली ट्राम सुरू झाली, आणि ६५ वर्षांवरील लोकांना शहराच्या मध्यभागीं येण्यासाठीं १०० येनमध्यें प्रवासाची सवलत मिळाली. म्हाताऱ्यांना घरीं बसवून सेवा पुरविण्यापेक्षां त्यांना बाहेर पडण्यास उत्तेजन द्यावें, हा यांतला विचार आहे. आपल्या जुन्या पेठांची रचना अशीच गोळ्यासारखी होती. दहा मिनिटांच्या चालींत सगळें मिळे. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत मात्र दूध आणावयासहि वाहन लागतें. तेथें आज तरुण जोडपीं राहतात. तीस वर्षांनंतर तेथें कोण राहील, याचा विचार आराखड्यांत दिसत नाहीं.

शेवटीं पुनर्विकासाविषयीं बोललें पाहिजे, कारण मुंबईपुण्यांतल्या हजारों वृद्धांचें भवितव्य त्यांत गुंतलें आहे. शंभर वर्षांपूर्वीं पॅट्रिक गेडिस नांवाचे स्कॉटिश विद्वान हिंदुस्थानांत आले. १९१९ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले अध्यापक झाले. त्यांच्या काळीं दाट वस्तींतून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येतील तीं घरें पाडावयाचीं, अशी पद्धति होती. गेडिस यांनीं तंजावरसारख्या शहरांच्या अहवालांत तिला विरोध केला. रोग्याला वांचवावयाचें असेल तर शस्त्रक्रिया जपून करावी. मोडकें तेवढें काढावें, मोकळी जागा जोडावी, आणि लोकांना त्यांच्या गल्लींतून उखडूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. आजहि हा सल्ला शिळा झालेला नाहीं.

वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली, आणि शौचगृह सामाईक. रात्रीं दोनदां उठून व्हरांड्याच्या टोंकाला जाणाऱ्या वृद्धांचे हाल ज्यांनीं पाहिले आहेत, ते चाळ जशीच्या तशी ठेवा असें म्हणणार नाहींत. २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि तींहि त्याच जागेवर. घरांत शौचगृह आणि दाराशीं लिफ्ट, हें वृद्धांवर मोठेंच उपकार आहेत. पण सगळ्यांच्या नशिबीं असें सुख नसतें. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींतले रहिवासी दूरच्या संक्रमण शिबिरांत गेले आणि तेथें त्यांचीं वर्षेंच्या वर्षें गेलीं. तरुणाला दहा वर्षें म्हणजे आयुष्याचा एक भाग. पंचाहत्तरींतल्या माणसाला दहा वर्षें म्हणजे उरलेलें सारें आयुष्य. म्हणून पुनर्विकासाच्या करारांत एक अट असावी. ज्या घरांत सत्तरीपुढचीं माणसें आहेत, त्यांची तात्पुरती सोय त्याच विभागांत व्हावी, आणि नवीं घरें वांटतांना पहिल्या किल्ल्या त्यांना मिळाव्यात. तसेंच नव्या उंच इमारतींत व्हरांड्याची जागा भरून काढणारें कांहीं तरी हवें; मजल्यामजल्यावर नाहीं तर निदान खालीं, सावलींत, जेथें दारें बंद करून बसलेले शेजारी एकमेकांस भेटतील.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल. शहरापुढें पाणी, घरें, वाहतूक असे प्रचंड प्रश्न असतांना मूठभर म्हाताऱ्यांसाठीं इतका खटाटोप कशाला? ते मूठभर नाहींत, हें प्रारंभीं सांगितलेंच. शिवाय ज्या उतरणीवरून आजोबांची खुर्ची जाते, तिच्यावरूनच बाळाची गाडी जाते, गरोदर स्त्री जाते, पाय मोडलेला खेळाडू जातो आणि पाण्याचा जड बाटला आणणारा हमालहि जातो. म्हाताऱ्यांसाठीं केलेली सोय बहुधा सर्वांचीच सोय ठरते. मात्र नगररचनेनें सर्व दुःखें नाहींशीं होतील, असें मी म्हणत नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषा हवी, एकट्या माणसाला माया हवी. तीं कोणताहि आराखडा देऊं शकत नाहीं. पण माया करणाऱ्या माणसांपर्यंत चालत जाण्याची वाट तो देऊं शकतो.

हें काम सुरू करावयास कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. आपल्या गांवोगांवीं ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांनीं एके दिवशीं सकाळीं वॉर्डांतल्या अभियंत्याला आणि नगरसेवकाला बरोबर घेऊन घरापासून मंडईपर्यंत चालून दाखवावें. कोठें पाय अडला, कोठें दम लागला, कोठें दिवा अपुरा पडला, याची यादी तेथल्या तेथें करावी. पुणें महानगरपालिकेंत २००६ च्या सुमारास अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून कामांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू झाली. एक बांक, एक कठडा, दुरुस्त केलेला पदपथ हीं अशा सूचनांत सहज बसणारीं कामें आहेत. जेथें अशी पद्धत नाहीं, तेथें ती मागावी.

आणि श्रोते हो, हें माझें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं जे आज तिशीचाळिशींत आहेत, त्यांना माझी एक विनंति आहे. उद्यां घरांतून बाहेर पडतांना आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजा. नाक्यावरचा हिरवा दिवा किती सेकंद टिकतो तें पाहा. वाटेंत टेकावयास जागा किती आहेत, त्या मोजा. या संख्या लिहून ठेवा आणि सोसायटीच्या पुढच्या सभेला त्या बरोबर न्या. आपल्या आईवडिलांचा विचार करून बोललांत तर चांगलेंच आहे. तो संकोच वाटत असेल तर स्वतःचा विचार करून बोला. तीस वर्षांनंतर त्याच पायऱ्या आपणांलाच चढावयाच्या आहेत.